तंजावूरमध्ये घरी गीझर किंवा सौर पाणीतापक बसवताना: अनुदान, नियम आणि सुरक्षितता

तंजावूरमध्ये खोली गरम करण्याची वेळ येत नाही. इथे घरात तापवायचे ते आंघोळीचे पाणी. पूर्वी त्यासाठी चूल किंवा बंब असे. आता विजेचा गीझर, गॅस गीझर किंवा गच्चीवरचा सौर पाणीतापक असतो. यांपैकी काहीही बसवण्यापूर्वी पुढील माहिती वाचा. घर जुने असेल तर ती विशेष उपयोगी पडेल.

सौर पाणीतापकाला अनुदान मिळते का?

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेतून मिळत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ही योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. तिच्यात 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला एकूण 78,000 रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून करून घ्यावे लागते. पॅनेल बसून तपासणी झाल्यावर रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात जमा होते. पाणी तापवणाऱ्या सौर संचाला केंद्राचे अनुदान पूर्वी मिळत असे, पण ते 2014 मध्ये बंद झाले. म्हणून ‘सूर्यघरमधून हीटरचे पैसे परत मिळतील’ असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका.

कोणते नियम लागू होतात?

भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मार्गदर्शक स्वरूपाची आहे. राज्य तिला आपल्या नियमांत स्थान देते तेव्हा ती बंधनकारक होते. तमिळनाडूत 2019 पासून संयुक्त विकास व इमारत नियम लागू आहेत, आणि तंजावूर महानगरपालिकेचे क्षेत्रही त्यांच्या कक्षेत येते. नवे घर बांधत असाल तर सौर ऊर्जेसाठी काय तरतूद करावी लागेल, हे आराखडा मंजुरीला देण्याआधीच विचारून घ्या. गरम पाण्याची नळी भिंतीत आधी टाकणे सोपे असते. नंतर भिंत फोडावी लागते.

बृहदीश्वर मंदिराजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते. टाकीसाठी गच्चीवर चौथरा किंवा खोली बांधायची असेल तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे चौकशी करा.

जुनी गच्ची वजन पेलेल का?

सौर संचासाठी छताने दर चौरस मीटरला किमान 50 किलो भार पेलावा, असे आदर्श उपविधी सांगतात. काँक्रीटच्या स्लॅबला हे सहसा जड नसते. पण राजवाड्याभोवतीच्या जुन्या घरांची गच्ची बहुधा ‘मद्रास टेरेस’ पद्धतीची असते: लाकडी तुळया, त्यांवर उभ्या लावलेल्या पातळ विटा, वर चुन्याचा थर. इथे सरासरी आकडा फसवा ठरतो. 200 लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचे वजन 200 किलो असते आणि ते सगळे स्टँडच्या चार-सहा पायांवर येते. एखादा पाय दोन तुळयांच्या मधोमध आला तर तिथला थर खचू शकतो. त्यामुळे पाय भिंतीच्या माथ्यावर किंवा भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या लोखंडी गर्डरवरच यावेत. स्थापत्य अभियंत्याला तुळयांची टोके पाहायला सांगा, कारण वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होते. पाय रोवण्यासाठी चुन्याच्या थराला भोके पाडू देऊ नका. त्या भोकातून झिरपणारे पाणी खालचे लाकूड कुजवते.

संग्राहकाचे तोंड दक्षिणेला हवे. पंप नसलेल्या संचात टाकी संग्राहकाच्या वर असावी लागते, नाहीतर पाणी आपोआप फिरत नाही.

विजेचा गीझर

साठवणीच्या गीझरवर आयएसआय चिन्ह (आयएस 2082) आणि ऊर्जा बचतीचे तारे असतात. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. 2 किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर 1 युनिट, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात सुमारे 60 युनिट लागतात. घरगुती ग्राहकांना मिळणाऱ्या 100 मोफत युनिटांपैकी निम्म्याहून अधिक त्यातच जातात.

खर्चापेक्षा अर्थिंगकडे अधिक लक्ष द्या. जुन्या घरांत पुष्कळदा दोनच तारांचे वायरिंग असते. प्लगला तीन पिना असल्या तरी तिसरीमागे तारच नसते. अशा घरात टाकीतला हीटिंग एलिमेंट फुटला तर वीज नळाच्या पाण्यात उतरू शकते. गीझरसाठी स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, बाथरूमबाहेर स्विच आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. काम राज्य विद्युत परवाना मंडळाचा परवाना असलेल्याकडूनच करून घ्या. त्याला मीटर लावून अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. सुरक्षा झडपेतून थेंब पडतात म्हणून तिचे तोंड कधीही बंद करू नका. दाब बाहेर सोडणारी वाट तीच असते.

गॅस गीझर

हा बंद बाथरूममध्ये लावूच नये. ज्योत हवेतला ऑक्सिजन संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी काढण्याआधीच शुद्ध हरपू शकते. गीझर आणि सिलिंडर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावेत. मधला चौक (मुट्रम) उघडा असेल तर तिथली भिंत योग्य. पत्रा टाकून तो झाकला असेल तर नाही. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास आधी दार-खिडक्या उघडा, व्यक्तीला बाहेर आणा आणि 108 वर फोन करा. गॅसची गळती जाणवल्यास 1906 वर कळवा.