लष्करी विमानातील उड्डाण-उपकरणे, मार्गनिर्देशन व संदेशवहन : स्वतंत्र पडताळणीच्या तत्त्वाचे विवेचन

गोषवारा

लष्करी विमानाच्या वैमानिकास आपला वेग, उंची, विमानाचा कल, स्थान आणि समोरच्या विमानाची ओळख यांपैकी बहुतेक गोष्टी प्रत्यक्ष पाहून कळत नाहीत. हवेचा दाब, जडत्व, काल आणि रेडिओलहरी यांच्या मापनावरून त्यांचे अनुमान करावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रणालींची कार्यपद्धती स्पष्ट केली असून, त्यांची विश्वसनीयता एखाद्या उपकरणाच्या अचूकतेपेक्षा परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या मापनांच्या पडताळणीवर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : उड्डाण-उपकरणे, जडत्वीय मार्गनिर्देशन, उपग्रहीय मार्गनिर्देशन, संदेशवहन, पडताळणी.

१. प्रस्तावना

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे अमेरिकी लष्करातील लेफ्टनंट जेम्स डूलिटल यांनी पूर्णपणे झाकलेल्या कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान उडवले, ठरलेल्या मार्गाने फिरवून आणले व उतरवले. सुरक्षिततेसाठी दुसरा वैमानिक सोबत होता. डूलिटल यांच्यासमोर कृत्रिम क्षितिजदर्शक, दिशादर्शक जायरोस्कोप, सूक्ष्म उंचीदर्शक आणि रेडिओ-दीपाचा संकेत ही प्रमुख साधने होती. केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण शक्य आहे, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

या प्रयोगाची आवश्यकता मानवी शरीररचनेत आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका वळण्यातील बदल ओळखतात; एकसारख्या गतीने चालू राहिलेले वळण मात्र काही वेळाने त्यांना जाणवेनासे होते. त्यामुळे ढगात शिरलेले विमान डावीकडे वळत असतानाही ते सरळ जात आहे अशी वैमानिकाची खात्री होते, आणि ते खरोखर सरळ केल्यावर उजवीकडे वळत असल्याचा भास होतो. हा भास प्रशिक्षणाने नाहीसा होत नाही. त्याकडे दुर्लक्ष करून उपकरणावर विश्वास ठेवण्याची सवय तेवढी लावता येते. तथापि उपकरणच चुकीचे दाखवत असेल तर काय, हा प्रश्न यातून उद्भवतो. प्रस्तुत लेखाचा तोच केंद्रबिंदू आहे.

२. हवेच्या दाबावर आधारित उपकरणे

विमानाच्या पुढील भागी असलेल्या पिटॉट नळीत समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब मोजला जातो, तर विमानाच्या बाजूवरील छिद्रांतून स्थिर दाब मिळतो. या दोहोंच्या फरकावरून वायुवेग कळतो. परंतु हा ‘दर्शित’ वेग हवेच्या घनतेवर अवलंबून असतो. सुमारे ४०,००० फूट उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एक चतुर्थांश होते. परिणामी तेथे दर्शित वेग प्रत्यक्ष वेगाच्या जवळपास निम्माच दिसतो. वैमानिकास दोन्ही वेगांची गरज असते : पंखावरील उत्थापक बलाचा अंदाज पहिल्यावरून येतो, तर अंतराचे गणित दुसऱ्यावरून करावे लागते.

उंचीदर्शकही वस्तुतः उंची मोजत नाही. तो स्थिर दाब मोजतो आणि एका प्रमाणित वातावरणाच्या गृहीतावरून त्याचे उंचीत रूपांतर करतो. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाबाचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर उंची होय. कमी दाबाच्या क्षेत्रात शिरताना मापकावरील संदर्भदाब बदलला नाही आणि दाब १० हेक्टोपास्कलने उतरला, तर विमान दर्शवलेल्या उंचीपेक्षा सुमारे ८० मीटर खाली असते. जमिनीलगत वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानास एवढी चूक परवडणारी नाही. म्हणून अशा विमानांत रेडिओ-उंचीदर्शकही असतो. तो जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या रेडिओलहरींच्या आधारे थेट अंतर मोजतो. दोन्ही उपकरणे ‘उंची’च दाखवतात, परंतु त्यांची भौतिक तत्त्वे भिन्न असल्याने दोहोंत एकाच कारणाने एकाच वेळी चूक होण्याची शक्यता कमी असते.

३. समान कारणाने होणारा दोष : गुआम, २००८

एकाच कारणाने अनेक संवेदक चुकल्यास काय घडते, याचे उदाहरण २३ फेब्रुवारी २००८ रोजी गुआम बेटावरील अँडरसन तळावर दिसून आले. अमेरिकेचे बी-२ बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. दोन्ही वैमानिक बचावले. सुमारे १४० कोटी डॉलर किमतीचे विमान मात्र नष्ट झाले.

चौकशीत आढळले, की विमानाच्या पृष्ठभागावरील दाबमापक संवेदकांपैकी काहींत दमट हवेमुळे ओलावा शिरला होता आणि त्याच अवस्थेत त्यांचे अंशशोधन करण्यात आले. पुढे संवेदक तापवल्यावर ओलावा गेला, पण चुकीची दुरुस्ती संगणकात राहून गेली. दाखवलेल्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग सुमारे १२ नॉटनी कमी असताना विमान उचलले गेले. आपले नाक खाली झुकले आहे, असा संगणकाचा चुकीचा समज झाल्याने त्याने ते जोराने वर उचलले आणि विमानाने आधार गमावला. या विमानात उड्डाणाचे नियंत्रण संगणकामार्फत होत असल्याने चुकीच्या आकड्याचे तत्काळ चुकीच्या कृतीत रूपांतर झाले.

या घटनेतील दुसरी बाब अधिक विचारप्रवर्तक आहे. अंशशोधनापूर्वी संवेदक तापवून घेतल्यास ओलाव्याचा दोष टळतो, हे काही कर्मचाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. परंतु ही माहिती अधिकृत कार्यपुस्तिकेत नोंदली गेली नाही व सर्वांपर्यंत पोहोचली नाही. अर्थात केवळ संवेदकच नव्हे, तर ज्ञानाचे दस्तऐवजीकरणही उपकरण-प्रणालीचा भाग असते.

४. जडत्वीय मार्गनिर्देशन

जडत्वीय प्रणाली बाहेरून कोणताही संकेत घेत नाही वा देत नाही. म्हणून तिला शत्रू रोखू शकत नाही व तिच्यामुळे विमानाचा ठावठिकाणाही उघड होत नाही. त्वरणमापक विमानाचे त्वरण मोजतात, जायरोस्कोप दिशा सांभाळतात. त्वरणाचे एकदा समाकलन केले असता वेग व दुसऱ्यांदा केले असता स्थानांतर मिळते. पदवी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कलनशास्त्राचा हा अत्यंत थेट उपयोग होय.

दोषही याच समाकलनातून वाढतो. त्वरणमापकात दर सेकंदवर्गास ०.००१ मीटर इतकीच कायम चूक असली, तरी साध्या गणिताने पाच मिनिटांत स्थान ४५ मीटरनी व दहा मिनिटांत १८० मीटरनी चुकते. वेळ दुप्पट झाल्यास चूक चौपट होते. दीर्घ काळात पृथ्वीच्या गोलाकारामुळे व गुरुत्वाकर्षणामुळे या वाढीस काही मर्यादा पडते. तरीही चांगल्या प्रतीच्या प्रणालीत तासाला सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर, एवढी विचलनाची पातळी गृहीत धरली जाते. म्हणून या प्रणालीस अधूनमधून बाह्य संदर्भाने दुरुस्त करणे आवश्यक ठरते.

५. उपग्रहीय मार्गनिर्देशन व परावलंबनाचा प्रश्न

असा बाह्य संदर्भ उपग्रहांकडून मिळतो. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून कालसंकेत प्रक्षेपित करतात. चार उपग्रहांपासूनचे अंतर कळल्यास स्थानाचे तीन घटक व घड्याळातील चूक हे चार अज्ञात सोडवता येतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर अंतर कापतो. त्यामुळे संपूर्ण प्रणालीची अचूकता अणुघड्याळांवर अवलंबून असते.

या प्रणालीचे दोष जडत्वीय प्रणालीच्या नेमके विरुद्ध आहेत. तिची चूक काळानुसार वाढत नाही; परंतु तिचा संकेत अत्यंत क्षीण असल्याने तो जॅमिंगने दडपता येतो किंवा बनावट संकेताने फसवता येतो. म्हणूनच आधुनिक लढाऊ विमानांत दोन्ही प्रणालींचा संयोग केला जातो. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीने प्रत्येक मापनास त्याच्या विश्वासार्हतेनुसार वजन दिले जाते. उपग्रहाचा संकेत गेल्यास जडत्वीय प्रणाली काही काळ कार्य निभावून नेते.

येथे तंत्राचा प्रश्न राज्यशास्त्राशी जोडला जातो. जीपीएसचा नागरी संकेत अमेरिकेने मे २००० पर्यंत जाणीवपूर्वक कमी अचूक ठेवला होता. दुसऱ्या राष्ट्राच्या सैन्याकडून चालवल्या जाणाऱ्या प्रणालीवर संरक्षणासाठी विसंबून राहणे धोक्याचे असल्याने भारताने ‘नाविक’ ही प्रादेशिक प्रणाली उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. मात्र पहिल्याच उपग्रहातील आयात केलेली अणुघड्याळे निकामी झाली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ बसवण्यात आले. स्वावलंबनाचा प्रश्न उपग्रहावर संपत नाही, तो त्यातील घड्याळापर्यंत पोहोचतो, हे यातून स्पष्ट होते.

६. संदेशवहन आणि ओळख

लष्करी विमानांचे परस्परांशी बोलणे प्रामुख्याने २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. दूर अंतरासाठी आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी वापरतात. शत्रूने ऐकू नये वा अडथळा आणू नये यासाठी वारंवारता सेकंदात अनेकदा बदलणारी पद्धत वापरली जाते. त्यासाठी दोन्ही बाजूंची घड्याळे जुळलेली असावी लागतात. कालमापनात बिघाड झाला, तर मार्गनिर्देशन व संभाषण ही दोन्ही एकदमच संकटात येऊ शकतात.

मित्र-शत्रू ओळख प्रणालीत १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवला जातो व १०९० मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर येते. या प्रणालीची मर्यादा तार्किक स्वरूपाची आहे. योग्य उत्तर आल्यास विमान मित्राचे आहे असे म्हणता येते. परंतु उत्तर न आल्यास ते शत्रूचेच आहे असा निष्कर्ष निघत नाही. यंत्र बंद असेल, बिघडले असेल किंवा विमान नागरीही असेल.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले व लढाऊ विमानाने ते पाडले. त्यात २६९ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानात तीन जडत्वीय प्रणाली होत्या; परंतु स्वयंचालक यंत्रणा त्यांना न जोडता चुंबकीय दिशेवरच चालत राहिली. भारतातही २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जवान व एक नागरिक मृत्युमुखी पडले. ही मोठी चूक होती, असे तत्कालीन हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. ओळख पटवण्याची जबाबदारी केवळ यंत्रावर सोपवता येत नाही, हेच या दोन्ही घटना दाखवतात.

७. भारतीय अनुभव

जग्वार विमानांतील मूळ ब्रिटिश प्रणालीऐवजी जडत्वीय प्रणालीवर आधारित ‘डारिन’ ही एकात्मिक प्रणाली १९८० च्या दशकात भारतात विकसित करण्यात आली. तिचे अनेक घटक परदेशी होते. परंतु ते परस्परांशी जोडण्याचे कौशल्य येथे आत्मसात झाले. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांत हेच सूत्र दिसते. रशियन विमानात फ्रेंच मार्गनिर्देशन, इस्रायली दर्शनपटल व भारतीय संगणक एकत्र कार्य करतात. उलटपक्षी, १९९९ च्या कारगिल संघर्षात मिग-२१ च्या वैमानिकांनी जीपीएस ग्राहक व स्टॉपवॉच यांच्या साह्याने रात्री बॉम्बफेक केली. साधने तुटपुंजी असली, तरी स्थान आणि काल यांची एकमेकांशी पडताळणी हे तत्त्व त्यातही होते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, विमानकक्षातील प्रत्येक आकडा हे अनुमान असते व त्यामागे एखादे गृहीतक असते. दुसरा, उपकरणांची संख्या वाढवल्याने सुरक्षितता आपोआप वाढत नाही. त्यांची भौतिक तत्त्वे व उगमस्थाने स्वतंत्र असावी लागतात. तिसरा, अनुभवातून मिळालेले ज्ञान नोंदवून सर्वांपर्यंत पोहोचवणे हे उपकरणाच्या देखभालीइतकेच आवश्यक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. दाब, जडत्व, समाकलन, तरंग, तर्क आणि परराष्ट्रनीती हे वेगवेगळ्या विभागांत शिकवले जाणारे घटक येथे एकाच कक्षात एकत्र येतात. मापन म्हणजे काय व त्यावर किती विश्वास ठेवावा, हे विद्यार्थ्यांना शिकवताना विज्ञान व मानव्यविद्या शाखांच्या अध्यापकांनी हे उदाहरण संयुक्तपणे हाताळल्यास ते अधिक फलदायी ठरेल.