न मागितलेल्या कार्डाची फी

लोणावळ्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंनी चिक्कीच्या धंद्यासाठी कर्ज मागितलं. बँकेनं सिबिल पाहिलं, तर क्रेडिट कार्डाची वार्षिक फी थकलेली! कार्ड त्यांनी मागितलंच नव्हतं. आलेलं पाकीट कपाटात तसंच पडून होतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. संमतीशिवाय कार्ड देऊन फी लावली, तर ती रद्द करायची, वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड चालूच केलं नसेल, तर सिबिलला कळवायचंही नाही.

म्हणून गुपचूप पैसे भरू नका, पण गप्पही बसू नका. आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवरचं ‘होऊन जाईल मॅडम’ पुढे कोणी मानत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. १४४४८ वर मराठीत माहिती मिळते.

फी रद्द झाली तरी सिबिल पुन्हा तपासा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक दुरुस्त करायला ३० दिवसांहून जास्त लागले, तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

असं पाकीट घरात असेल, तर गटाच्या बैठकीला घेऊन या. अर्ज मिळून लिहू.