तरंगत्या कृत्रिम आमिषाची दुरुस्ती

तरंगते कृत्रिम आमिष हे गळाने मासे धरताना पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढले जाणारे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे साधन आहे. बेडूक, उंदीर किंवा जखमी मासा पाण्यावर जशी खळबळ करतो तशी खळबळ करून ते शिकारी माशाला खालून वर आणते. उत्तर अमेरिकेत पाईक कुळातील मस्की (एसॉक्स मस्किनाँजी) या मोठ्या माशासाठी अशी आमिषे मोठ्या आकारात बनवली जातात. मुंबई उपनगरांच्या परिसरात त्याच तत्त्वावर चालणारी लहान आमिषे गोड्या पाण्यातील मरळ आणि खाडीतील जिताडा या माशांसाठी उपयोगी पडतात. अशा आमिषातील बिघाड बहुधा तरणशक्ती, तोल, फिरणारे भाग आणि गळ यांपैकी एका ठिकाणी असतो. रंग उडणे हा सर्वांत ठळक दिसणारा दोष असला, तरी आमिष निकामी होण्याचे ते क्वचितच कारण असते.

संज्ञा

कोकण किनाऱ्यावर गळाने मासे धरण्यास 'गरवणे', गळाला 'गरी' आणि नायलॉनच्या दोऱ्याला 'तंगूस' असे शब्द प्रचलित आहेत. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील कोळी समाजाची मासेमारी मुख्यतः जाळ्यांची असून गरवण्यासाठी परंपरेने कोळंबीसारखे खरे आमिष वापरले जाते. कृत्रिम आमिष हे त्या मानाने नवे साधन आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जेम्स हेडन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बनवलेली लाकडी आमिषे या प्रकारच्या आरंभीच्या व्यापारी नमुन्यांत गणली जातात.

प्रकार व रचना

तरंगत्या आमिषांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• वॉकर: सिगारसारखे निमुळते शरीर, काठीच्या हलक्या झटक्यांनी डावीकडे-उजवीकडे वळत जाते.
• पॉपर: तोंडाशी खोलगट वाटी, झटका देताच 'डुबुक' असा आवाज करून पाणी उडवते.
• पंख्याचे आमिष: पुढे किंवा मागे धातूचा पंखा असतो. मस्कीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध प्रकारात शरीराचा संपूर्ण मागचा भागच तारेच्या दांड्याभोवती फिरतो.
• पोकळ बेडूक: मऊ प्लॅस्टिकचे पोकळ शरीर आणि पाठीला चिकटून असलेला दुहेरी गळ, जलपर्णी व शेवाळावरून अडकल्याविना सरकतो.

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार आमिषाचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनापेक्षा कमी असेल तरच ते तरंगते. उदाहरणार्थ, ४० घन सेंमी आकारमानाचे व ३४ ग्रॅम वजनाचे आमिष गोड्या पाण्यात ६ ग्रॅम अतिरिक्त भार पेलू शकते. त्याच्या पोकळीत सुमारे ६ मिली पाणी शिरले किंवा तेवढ्या वजनाचे जादा गळ बसवले, तर ते बुडू लागते. आमिष सरळ राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य खालच्या बाजूस असावा लागतो, म्हणून शरीराच्या तळाशी शिसे किंवा पोलाद बसवलेले असते आणि गळही पोटाशी लोंबतात.

मुंबई उपनगरांतील पाणी

उपनगरांत या आमिषांना दोन भिन्न प्रकारच्या पाण्याला तोंड द्यावे लागते आणि दोहोंत होणारे बिघाडही वेगळे असतात.

पवई तलाव हा १८९१ मध्ये पूर्ण झालेला कृत्रिम तलाव आहे. गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था १९५५ पासून या तलावाशी निगडित आहे. तलावात जलपर्णीचा उपद्रव मोठा आहे. जलपर्णीची मुळे आणि शेवाळाचे तंतू पंख्याच्या दांड्यात गुंडाळले जातात, तर तळातील दगड व बुडालेली लाकडे आमिषाला चरे पाडतात. मुलुंड, भांडुप व घाटकोपरच्या पूर्वेकडील ठाणे खाडी आणि बोरिवलीच्या पश्चिमेकडील गोराई-मनोरी खाडी येथे मुख्य शत्रू मीठ आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्टेनलेस स्टीलची कडी आणि साध्या पोलादाचा गळ अशा पाण्यात एकमेकांना लागून राहिले की गळ अधिक वेगाने गंजतो.

खारे पाणी जड असल्यामुळे वर उल्लेखिलेले ४० घन सेंमीचे आमिष समुद्राच्या पाण्यात सुमारे १ ग्रॅम अधिक भार पेलते. त्यामुळे तलावात अचूक तोललेले आमिष खाडीत किंचित उंच तरंगते व झटक्याला निराळा प्रतिसाद देते. हा दोष नव्हे. मात्र दुरुस्तीनंतरची चाचणी ज्या पाण्यात आमिष वापरायचे त्याच प्रकारच्या पाण्यात घ्यावी लागते.

दोषनिदान

निदानासाठी पाण्याने भरलेली बादली किंवा पिंप पुरेसे असते. तपासणी पुढील क्रमाने केल्यास अनावश्यक दुरुस्ती टळते:

१. आमिष कानाजवळ हलवून पाहावे. आत पाण्याचा खळखळाट ऐकू आल्यास गळती निश्चित असते. आवाजासाठी मुद्दाम घातलेल्या गोळ्यांचा आवाज याहून कोरडा असतो.
२. दोरा न बांधता आमिष पाण्यात सोडावे. शेपूट अधिक बुडत असल्यास मागचा गळ जड आहे किंवा मागे पाणी शिरले आहे. नाक बुडत असल्यास पुढील भाग तपासावा.
३. दोरा व लीडर बांधून पुन्हा पाहावे. आता नाक बुडाल्यास दोष आमिषात नसून दोऱ्यात आहे. फ्लुओरोकार्बनची सापेक्ष घनता सुमारे १.७८ असल्याने तो लवकर बुडतो. नायलॉन (सुमारे १.१४) सावकाश बुडते, तर विणलेला पॉलिएथिलीन दोरा (सुमारे ०.९७) तरंगतो. मस्की किंवा मरळीच्या दातांपासून बचावासाठी लावलेली जाड तारही नाक खाली ओढते.
४. सरळ ओढून पाहावे. आमिष सतत एकाच बाजूस जात असल्यास दोरा बांधण्याची कडी वाकलेली असते. कुशीवर पडत असल्यास गळांचा तोल बिघडलेला असतो.
५. फिरणारे भाग फुंकर मारून फिरवावेत. अडखळत असल्यास दांडा वाकला आहे किंवा त्यात तंतू अडकले आहेत.

दुरुस्ती

गळती: पोकळ प्लॅस्टिक आमिष काही क्षण कोमट पाण्यात बुडवून धरतात. आतील हवा प्रसरण पावून भेगेतून बुडबुडे निघतात व गळतीची जागा कळते. त्या जागी खूण करून, पोटाला बारीक छिद्र पाडून पाणी काढून टाकतात आणि आमिष सावलीत पूर्ण वाळवतात. भेग आधी इपॉक्सी गोंदाने बंद करून तो घट्ट झाल्यावरच छिद्र बुजवतात. छिद्र आधी बुजवल्यास तापमानातील फरकाने आतील हवा ओल्या गोंदातून वाट काढते आणि नवी गळती निर्माण होते.

सैल कडी: लाकडी आमिषात पाणी मुरून लाकूड फुगते व कडीचा स्क्रू सैल होतो. स्क्रू काढून छिद्र वाळवावे, इपॉक्सी लावलेली बांबूची बारीक काडी त्यात बसवावी आणि गोंद सुकल्यावर नव्याने छिद्र पाडून स्क्रू फिरवावा. नुसता गोंद ओतून स्क्रू परत बसवल्यास मोठ्या माशाच्या झटक्याने तो उपटून येण्याचा धोका राहतो.

तोल व दिशा: आमिष डावीकडे जात असल्यास नाकावरील कडी पक्कडीने अगदी किंचित उजवीकडे वळवतात आणि प्रत्येक वेळी चाचणी घेतात. गळ बदलताना जुना व नवा गळ सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक वजनकाट्यावर तोलून पाहणे श्रेयस्कर असते.

पंखा व फिरणारी शेपूट: दांड्यातील तंतू चिमट्याने काढून दांडा सपाट पृष्ठभागावर सरळ करतात. पाती चपटी झाल्यास पाण्याला बसणारा अटकाव कमी होऊन ती फिरत नाहीत; त्यांना समान कोनात पुन्हा वळण द्यावे लागते. झिजलेले वॉशर व मणी बदलतात. धातूचा कुरकुर आवाज अनेक जण जाणूनबुजून ठेवतात, कारण तोही माशाला आकर्षित करतो असे मानले जाते.

पोकळ बेडूक: याच्या शरीरात थोडे पाणी शिरणे स्वाभाविक असून ते दाबून काढता येते. एका बाजूचे पाय लांब राहिल्यास बेडूक वाकडा चालतो. दोन्ही बाजू समान कापल्यास तो सरळ होतो.

गळ: धार तपासण्यासाठी टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवतात. टोक घसरल्यास गळ बोथट झालेला असतो. बारीक कानशीने टोकाच्या दिशेने घासून धार येते, परंतु खोलवर गंजलेला गळ बदलणेच योग्य.

रंग: पॉलिश पेपरने घासून, रंग देऊन वर इपॉक्सीचा पारदर्शक थर देतात. पावसाळ्यातील दमट हवेत हा थर पांढुरका होऊ शकतो, म्हणून मुंबईत हे काम कोरड्या ऋतूत किंवा बंद पेटीत करणे सोयीचे ठरते.

साठवण

खाडीतून आणलेले आमिष गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावे लागते. मऊ प्लॅस्टिकची आमिषे कडक प्लॅस्टिकच्या आमिषांसोबत ठेवू नयेत. मऊ द्रव्यातील रसायन झिरपून कडक प्लॅस्टिक व रंग विरघळवते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतील हवा तापून जोड उकलतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास दमटपणा कमी होतो.

सुरक्षितता व पर्यावरण

दुरुस्तीचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. कडी सैल असलेले आमिष माशाच्या तोंडात तुटून राहते आणि तिहेरी गळांमुळे त्याला खाणे अशक्य होऊ शकते. पाण्यात सुटलेला तंगूस व गळ पक्ष्यांनाही गुंतवतो. ठाणे खाडीसारख्या रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झालेल्या (२०१५) आणि २०२२ पासून रामसर स्थळ असलेल्या परिसरात ही बाब गंभीर आहे. गळाचा काटा पक्कडीने चेपल्यास मासा लवकर सोडवता येतो. चुकून माणसाच्या बोटात रुतलेला गळही सहज निघतो. मरळीची जोडी पिलांच्या थव्याची राखण करते आणि पृष्ठभागावरील हालचालीवर तुटून पडते. अशा वेळी पालक मासे धरल्यास पिले असुरक्षित होतात.

पवई तलावात मगरींचा वावर असल्याने अडकलेले आमिष सोडवण्यासाठी पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील तुळशी व विहार तलावांत मासेमारीस मनाई आहे.

हेही पहा

• गळ
• पवई तलाव
• मरळ
• जिताडा
• ठाणे खाडी