मामाचा ट्रक आणि हरवलेले घोडे

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले, तर चहा हातात यायच्या आधीच प्रश्न आला. "काय गं, इंजिनिअर होतीयास न्हवं? मग आमच्या गाडीची पॉवर वाढीव की!" गाडी म्हणजे १९९१ सालची टाटा १२१०. उसाचा सीझन तोंडावर आलेला, आणि कारखान्याच्या अलीकडच्या चढावर गाडी सेकंड गिअरशिवाय ओढत नव्हती. गावातल्या मिस्त्रीने उपाय सांगून ठेवला होता: पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढवायचं, तासाभरात काम. माझ्याकडून फक्त 'हो' हवं होतं.

आमच्या रूमवर सगळ्यांचं मत आहे की कॉन्व्हेंटवाल्यांनी मराठीत लिहू नये. तरीही लिहितेय, कारण थर्मलमध्ये काठावर पास झालेल्या मला त्या आठवड्यात तो विषय पहिल्यांदा कळला.

या गाडीचं इंजिन ६९७. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८, एकूण ५.६७५ लिटर. टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता. मर्सिडीजचं ओएम ३५२ हे इंजिन याच मापांचं, आणि ६९७ त्याच घराण्यातलं. टर्बो नाही. म्हणजे पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच.

आता हिशोब. २८०० आरपीएमला हे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १४०० वेळा पोट भरतं, म्हणजे सुमारे ७९४५ लिटर. प्रत्यक्षात ८५ टक्के भरतं असं धरलं, तर तासाला साधारण ४७० किलो हवा. धूर न करता जाळायचं तर एक किलो डिझेलला वीसेक किलो हवा लागते, म्हणजे तासाला साडेतेवीस किलो डिझेल. एका हॉर्सपॉवरला तासाला १७५ ग्रॅम धरा. उत्तर येतं १३० च्या थोडं वर. आणि मर्सिडीजचं टर्बो नसलेलं ओएम ३५२ १३० हॉर्सपॉवरचंच होतं! (हे जुळलं तेव्हा मी एकटीच ओरडले. मामीला वाटलं विंचू चावला.)

म्हणजे मर्यादा हवेची आहे, डिझेलची नाही. स्क्रू फिरवला की पंपाचा रॅक जास्त सरकतो आणि डिझेल वाढतं; हवा तेवढीच राहते. पॉवर थोडी वाढते, खोटं कशाला बोला. पण बाकीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होऊन जातं. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीची मर्यादा ६५ हार्टरिज युनिट, तिथे गाडी नापास. त्याहून वाईट म्हणजे उष्णता. डिझेल इंजिनात नेहमी हवा जास्त असते, त्यामुळे इंधन वाढवलं की आतलं तापमान चढत जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. भरल्या गाडीने दहा मिनिटं चढ चढायचा म्हणजे हीच परीक्षा. स्क्रूला कंपनी सील उगाच मारत नाही.

मग मी विचारलं, गाडीचे स्वतःचे घोडे तरी सगळे जागेवर आहेत का?

नव्हते. ऑइल बाथ एअर क्लीनर उघडला तर तेलाच्या जागी चिखल. सहापैकी दोन नॉझल फवारा मारायच्या ऐवजी ठिबकत होते. ते दोनशे बारच्या घरात उघडायला हवेत, हे टेस्टरवर लावल्याशिवाय कळत नाही. टॅपेट ढिले. आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट ड्रायव्हरकाकांमुळे सापडली. ते केबिनमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बसले, मी खाली पंपाजवळ वाकले. पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतच नव्हता! रॉडचे जॉइंट झिजून बोटभर खेळ झाला होता. म्हणजे गाडी किती दिवस 'फुल' वर कधी गेलीच नव्हती.

रॉडचे जॉइंट बदलले, नॉझल सेट केले, टॅपेट भरले, क्लीनर धुऊन नवीन तेल घातलं. पंप बेंचवर नेला, तोही कंपनीच्या मापाला सेट करायला, वाढवायला नाही. पहिल्या खेपेला गाडी तोच चढ थर्डमध्ये चढली आणि धूरही कमी. किती हॉर्सपॉवर परत आले ते मोजायला आमच्याकडे डायनो नाही.

आता मामाच्या डोक्यात टर्बो शिरलाय. हवा वाढवायचा तो खरा मार्ग आहे. मर्सिडीजनेच ओएम ३५२ ला टर्बो लावून दीडशेच्या वर नेलं. पण टर्बोला ऑइलची लाइन हवी, पिस्टन, हेड गॅसकेट, रेडिएटर, क्लच सगळ्यांवर ताण येतो, आणि ब्रेक मात्र तेच जुने राहतात. शिवाय कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. हे सगळं फोनवर समजावलं. मामा म्हणाला, "बरं, मग उन्हाळ्यात कॉम्प्रेशन तरी बघू." रिंगा गेल्या असतील तर काही घोडे अजून तिथेही बाहेर पडत असणार.