चोरण्यासारखें आहे काय?

भद्रा मारुतीच्या दर्शनास शनिवारीं खुलताबादेस जाणाऱ्या वाचकांना देवळाच्या वाटेवरील नारळ-पेढ्यांचीं दुकानें परिचित असतील. अशाच एका लहान दुकानाचा मालक आमचा जुना विद्यार्थी आहे. ग्राहकांची उधारी, माल पुरविणाऱ्यांचें देणें, असा सारा हिशेब तो संगणकावर ठेवीत असे. ‘‘या यंत्राच्या राखणीची कांहीं व्यवस्था केली आहेस काय?’’ असें आम्हीं एकदां विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, ‘‘गुरुजी, माझ्याकडे चोरण्यासारखें आहे काय?’’

पुढें एके दिवशीं त्यानें ‘बिल’ म्हणून ई-मेलनें आलेला एक अनोळखी कागद उघडला. दुसऱ्या सकाळीं हिशेबाची एकहि वही उघडेना. अमुक रक्कम पाठवा, म्हणजे वह्या मोकळ्या करूं, एवढाच मजकूर पडद्यावर होता.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. त्या वह्यांचें मोल चोरास नव्हतें, मालकास होतें. आणि मालकाचीच वस्तु मालकास विकणें हा या चोराचा धंदा. शिवाय तो घरें निवडीत बसत नाहीं. जाळें टाकतो, सांपडेल तो सांपडेल. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या अशाच उपद्रवानें जगांतील दोन लाखांहून अधिक संगणक अडविले. ज्या फटींतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधींच देऊन ठेविली होती. ज्यांनीं ती लावून घेतली नाहीं, त्यांच्यावर ‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी पाळी आली.

खुलताबादेहून घाट उतरला कीं देवगिरीचा किल्ला लागतो. तासलेला कडा, खोल खंदक, अंधारी वाट. अशा दुर्गासहि १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीपुढें शरण जावें लागलें. धान्य म्हणून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालें, अशी कथा सांगतात. कथेचा खरेपणा इतिहासकार ठरवोत. गोणी उघडून पाहावी, हा तिचा बोध मात्र खरा. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. तिजोरी कोणीं फोडली नाहीं. कार्डावरील व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी व्यवस्थाच चोरांनीं उभी केली, आणि देशोदेशींच्या यंत्रांतून पैसे निघत राहिले. जेथें पगारी जाणकार असतात तेथें ही गत, तर आपल्या घरचा राखणदार आपणच नव्हे काय?

राखण मात्र अवघड नाहीं. महत्त्वाच्या कागदांची नक्कल वेगळी काढून ती यंत्रापासून दूर ठेवावी. दुरुस्त्या आल्या कीं लगेच लावाव्या. प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड असावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं नाहीं. ‘पैसे मिळण्यासाठीं पिन टाका’ असें सांगणारा ठगच समजावा. आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. वाटेंत असलेला पैसा अडविणें तेव्हांच शक्य असतें.

आमच्या विद्यार्थ्यानें खंडणी दिली नाहीं. कांहीं ग्राहक आपण होऊन उधारी सांगत आले, कांहीं आले नाहींत. त्यांना विचारण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. परवां गेलों तेव्हां गल्ल्याशेजारीं एक लहानशी डबी दिसली. दुकान बंद करतांना तो हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतो, आणि डबींत घालून घरीं नेतो. आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच तो म्हणाला, ‘‘गुरुजी, चोरण्यासारखें नसेल, गमावण्यासारखें पुष्कळ आहे.’’