नाव पाण्याबाहेर असते तेव्हां

खुलताबाद हें डोंगरावरचें गांव. समुद्र तर दूरच राहिला. विस्तीर्ण पाणी पाहावयाचें तर पैठणच्या नाथसागरापर्यंत जावें लागतें, आणि तोही १९७६ सालीं उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा. अशा गांवीं कोणी हौसेनें घरच्या घरीं लांकडी कयाक बांधली, तर ती वर्षांतील थोडे दिवस पाण्यावर व बाकीचे सारे दिवस घरांत राहणार. म्हणून नाव बांधावी कशी या प्रश्नाइतकाच ती ठेवावी कशी, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

या बाबतींत आपले गुरु कोंकणचे कोळी, खारवी व गाबीत. पावसाळ्याच्या तोंडीं ते आपल्या होड्या भरतीच्या रेषेवर ओढून घेतात, खालीं लांकडें देऊन जमिनीपासून उचलतात, आणि वरून नारळाच्या झापांनीं शाकारतात. नारळी पौर्णिमेस सागरपूजन झाल्यावर त्या पुन्हां पाण्यांत उतरतात. यांत मर्म आहे. खाऱ्या पाण्यापेक्षां होडींत सांचणारें पावसाचें गोडें पाणी लांकडास अधिक घातक असतें. कारण लांकूड कुजविणारी बुरशी गोड्या ओलाव्यावर वाढते. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या आंत राहिला, तर तिला थारा मिळत नाहीं. कयाकीचे मूळ निर्माते इन्युइट लोकही कातड्यानें मढविलेल्या आपल्या नावा उंच मांडवावर ठेवीत; तेथें भय कुत्र्यांचें असे. शत्रु निराळा, तरी नाव भुईवर टाकूं नये हा नियम एकच.

खुलताबादेस मात्र आषाढाप्रमाणेंच वैशाखाचीही चिंता वाहिली पाहिजे. कोरड्या हवेंत लांकूड आकसतें. लांबींत हा फरक नगण्य असतो. परंतु आडव्या बाजूस, विशेषतः वलयांच्या अनुरोधानें, तो बराच असतो. त्यामुळें फळ्यांच्या नावेचे सांधे उन्हाळ्यांत उघडतात. प्लायवुडचे पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले असल्यानें तें फारसें आकसत नाहीं. पण त्यावरील इपॉक्सीस ऊन सोसत नाहीं. सूर्यकिरणांतील अतिनील भागानें ती निस्तेज व भुसभुशीत होते, आणि सुमारें ५० ते ६० अंश उष्णतेस नरमूं लागते. म्हणून पत्र्याच्या छपराखालीं नाव ठेवूं नये. वाड्याची ढाळज किंवा उत्तरेची पडवी उत्तम.

ठेवण्यापूर्वीं नाव गोड्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावी व कप्प्यांचीं झांकणें काढून ठेवावीं, म्हणजे आंत दमट हवा कोंडणार नाहीं. नंतर ती पालथी घालून दोन आधारांवर ठेवावी. प्रत्येक आधार टोंकापासून लांबीच्या सुमारें चतुर्थांशावर असावा. आधारावर जुन्या सतरंजीची रुंद घडी घालावी, म्हणजे भार एका जागीं पडत नाहीं. टोंकांच्या कड्यांनीं नाव कधींही टांगूं नये. महिन्यागणिक ती मध्येंच वांकत जाते. प्लॅस्टिकचें कापड गच्च गुंडाळण्यापेक्षां जाड सुती कापड सैलसर घालावें. आधाराच्या पायांशीं वाळवीची माती दिसते कीं काय, हें पाहत राहावें.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे लहानसा ओरखडा. त्यांतून पाणी आंत शिरतें, पण भोंवतालच्या लेपामुळें बाहेर निघत नाहीं. वरून चकाकणारें लांकूड आंतून कुजतें. असे ओरखडे लांकूड पुरें वाळल्यावर लगेच बुजवावे.

आपल्या घरांत वाळवणें आणि लोणचीं यांचे दिवस ठरलेले असतात. तसेच नावेसही दोन दिवस द्यावे: एक होळीच्या सुमारास, दुसरा मृगापूर्वीं. त्या दिवशीं तिला बोटांच्या पेरांनीं सर्वत्र ठोकून पाहावें. निरोगी लांकूड खणखणीत वाजतें, कुजलेलें बद्द. बद्द आवाज आल्यास दुरुस्ती होईपर्यंत नाव पाण्यांत नेऊं नये. सांधा घरीं सुटला तर दोन दिवसांचें काम निघतें. तोच जलाशयाच्या मध्यभागीं सुटला, तर नावेंत बसलेल्या मुलाच्या जिवाशीं गांठ असते.