चार इंच कमी, सूर मात्र तोच

अमरावती-अकोल्याच्या ऑर्केस्ट्रांत बास गिटार दिसतच नाही असं नाही, पण बऱ्याच मंचांवर बासचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागवलं जातं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बास ऐकून ज्या पोरांना खरं वाद्य हातात घ्यावंसं वाटतं, त्यांची नजर कधी ना कधी ३० इंची शॉर्ट स्केल बासवर जाते. लगेच कुणीतरी अनुभवी माणूस म्हणतो, ‘हे तं पोट्ट्यांचं खेळणं आहे.’ मग घरी ३४ इंची वाद्य येतं, डाव्या हाताची बोटं पहिल्या फ्रेटपाशी ताणून ताणून दुखतात आणि दिवाळीपर्यंत बास कपाटावर चढतो.

स्केल म्हणजे नटापासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतची, कंप पावणाऱ्या तारेची लांबी. लिओ फेंडर यांच्या १९५१च्या प्रिसिजन बासपासून ३४ इंच हे माप रूढ झालं. साधारण ३० इंचांच्या आसपासच्या बासला शॉर्ट स्केल म्हणतात. ते शिकाऊंसाठीच असतं, हा समज नावं घेतली की संपतो. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंचीच होता. (तोच बास १९७२ साली चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी त्यांना परत मिळाला.) ‘क्रीम’चे जॅक ब्रूस गिब्सनचा आखूड ईबी-३ वाजवत. ‘आखूड बास लहान हातांसाठी’ या समजालाही स्टॅन्ली क्लार्क हे चोख उत्तर आहे. मोठ्या उभ्या डबल बासवर तयार झालेला, लांब बोटांचा हा उंचापुरा वादक अलेम्बिकचा शॉर्ट स्केल आपणहून निवडतो.

आणखी एक समज आवाजाचा. आखूड बास तेवढा खाली उतरत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात ३० आणि ३४ इंची, दोन्ही बासची सर्वांत जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झलाच लागते. सूर तोच असतो, ताण बदलतो. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ३० इंचांवर तो ३४ इंचांपेक्षा जवळपास २२ टक्के कमी भरतो. त्यामुळे तार बोटाखाली मऊ लागते आणि आवाज गोल, भरीव येतो. त्यातली धातूची खणखण थोडी कमी होते. कुणाला हा आवाज आवडेल, कुणाला नाही. तो कमअस्सल मात्र नाही. तार फारच ढिली वाटली तर थोड्या जाड तारांचा संच लावावा. अंतरांचा फरक हाताला लगेच कळतो: नटापासून पहिल्या फ्रेटचं अंतर ३४ इंची बासवर सुमारे साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर, तर ३० इंचीवर त्रेचाळीसच्या आत.

तारांच्या बाबतीत मात्र खरी फसगत होते. ‘लांब तार घ्या, उरलेली कापून टाका’ हा सल्ला अर्धवट आहे. लांब संचातल्या ई तारेचा जाड भाग मग थेट खुंटीवर येतो, नीट गुंडाळला जात नाही आणि सूर टिकत नाही. कापताना आतला गाभा गोल असेल तर वरचं वेटोळं सैल पडून तार मुकी होते. कापायचीच वेळ आली तर खुंटीत जाणारं टोक आधी पकडीने काटकोनात वाकवावं, मग त्याच्या पुढे कापावं. उलट चूकही होते. हॉफनरसारख्या बासवर तारेचं मागचं टोक ब्रिजच्या बरंच मागे, वेगळ्या पट्टीत अडकतं. तिथे नुसतं ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेलं पाकीट आणलं तर तारेचा निमुळता भाग नटाच्या अलीकडेच सुरू होऊ शकतो. म्हणून तार जिथे अडकते तिथपासून नटापर्यंत टेप लावून माप घ्यावं आणि पाकिटावरच्या लांबीशी ताडून पाहावं.

आता वऱ्हाडाचा खरा प्रश्न: हवा. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. त्या दिवसांत हवा कोरडीठाक असते आणि दोन महिन्यांनी त्याच खोलीतल्या भिंतींना ओल येते. तबल्याची शाई-पुडी हवेप्रमाणे चढते-उतरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गिटारची नेकही लाकडाचीच आहे, हे मात्र विसरलं जातं. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत. मग नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचतात. हा वाद्यातला दोष असेलच असं नाही, पाऊस पडल्यावर कधी कधी आपोआप कमी होतो. जूनअखेरपर्यंत थांबावं, तरीही बोचलं तर कारागिराकडून टोकं घासून घ्यावीत.

‘नेक आखूड, ताण कमी, म्हणून ती वाकत नाही’ हाही भ्रमच. तारांची ओढ कमी असते, पण लाकडाचं हवेशी असलेलं नातं लांबीवर अवलंबून नसतं. उन्हापासून वाचवायचं म्हणून बास कूलरसमोर टांगून ठेवणं तर सगळ्यात वाईट. कूलर ओली हवा फेकतो, तारा गंजतात, आणि बंद करताच खोली पुन्हा कोरडी होते. वाद्याला गारव्यापेक्षा स्थिरता लागते. बॅगेत, आतल्या भिंतीला, झोतापासून दूर ठेवावा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर उत्तम. भर दुपारी गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये, जोडांचा सरस उष्णतेने सैल पडतो.

कार्यक्रम संपला की तारा ढिल्या करायच्या, ही सवय जुन्या मंडळींनी लावलेली. पण नेकमधला ट्रस रॉड, म्हणजे आतली धातूची सळई, तारांच्या ओढीला तोलूनच बसवलेला असतो. रोज ओढ काढली की नेक उलटी वाकू पाहते आणि सूरही बसत नाही. तार उंच वाटते म्हणून ट्रस रॉड फिरवणंही चुकीचं. तारेची उंची ब्रिजवरच्या सॅडलने ठरते, रॉड फक्त नेकचा बाक ठरवतो. तो बाक घरीच तपासता येतो. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की ठीक. ढिली तार जास्त झुलते, म्हणून आखूड बासवर हा बाक अगदी शून्यावर आणू नये. रॉड फिरवावा लागलाच तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

फ्रेटबोर्डला खोबरेल लावणाऱ्यांची संख्या कमी नाही. ते वाळत नाही, धूळ धरतं आणि तारांच्या वेटोळ्यात शिरून आवाज मारतं. थंडीत वऱ्हाडात ते थिजतं ते वेगळंच. रोझवूडला वर्षातून एखाद-दोनदा फ्रेटबोर्डसाठीचं तेल चार थेंब पुरतं. पॉलिश केलेल्या मेपलला तेही नको, सुती फडकं बास.

विकत घेताना दुकानात बसून वाजवू नका, पट्टा लावून उभं राहा आणि दोन्ही हात सोडा. हलक्या अंगाच्या आखूड बासांत डोकं खाली कलण्याची खोड असते. कलत असेल तर दुसरा घ्या किंवा रुंद, खरबरीत पट्टा लावा. तारांचा एक जादा संचही त्याच वेळी मागवा. अकोल्यात गिटारच्या तारा कुठेही मिळतात, पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शॉर्ट स्केलची ई तार शोधायची वेळ आली तर तुमच्या वाट्याला कीबोर्डवाल्याचा डावा हातच येणार.